गोल होत नाहीत? आधी चेंडू कुणाच्या पायाला लागतो ते मोजा

सलग पाच मॅच आणि गोल शून्य. आठ-नऊ वर्षांच्या पोरांची फुटबॉल टीम आहे आमची आणि मी त्यांचा कोच. खरं सांगायचं तर मी त्यातल्याच एकाचा बाबा. दर शनिवारी मैदानावर दिसतो म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. पाचव्या मॅचनंतर पालकांचं एकमत झालं, 'शूटिंगची प्रॅक्टिस कमी पडतेय.' मलाही पटलं.

मग लहानपणी माझ्याकडून करून घेतलं होतं तेच मी सुरू केलं. बारा जणांची रांग, समोर गोल. मी चेंडू सरकवणार, पोरगं धावत येऊन मारणार आणि चेंडू आणून परत रांगेच्या शेवटी उभं राहणार. तिसऱ्या दिवशी सहज मोजलं, तर अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ फटके आले होते. उरलेला वेळ एकमेकांच्या टाचा तुडवण्यात आणि गवत उपटण्यात. वर माझं चालूच, 'लक्ष द्या रे!' कशाकडे लक्ष द्यायचं होतं त्यांनी, देव जाणे.

पुढच्या मॅचला शिट्टी दुसऱ्याकडे दिली आणि वही घेऊन बसलो. ज्याच्या पायाला चेंडू लागेल त्याच्या नावापुढे एक रेघ. पहिल्या हाफमध्ये आमच्या सगळ्यात दांडग्या मुलाच्या ४१ रेघा झाल्या. एका मुलीच्या २, आणि त्यातलीही एक थ्रो-इनची, म्हणजे चेंडू पायाला नाही, हाताला लागलेला. वीस मिनिटं ती इमानदारीत पळत होती. तिला मी शूटिंग काय शिकवणार होतो?

(त्या दांडग्या मुलाबद्दल थोडं. तो टीममधला वयाने सगळ्यात मोठा. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं आणि शेवटी जन्मलेलं मूल यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर असतं, आणि आठव्या वर्षी ते फार मोठं असतं. निवडलेल्या ज्युनियर संघांमध्ये वयोगटाच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो, हे कितीतरी देशांत दिसून आलंय. आपण ज्याला टॅलेंट म्हणतो त्यात जन्मतारीख बरीच असते.)

तर, मुलांना बदलण्याऐवजी मी खेळ बदलला. कल्पना माझी नाही. होर्स्ट वाइन नावाच्या जर्मन प्रशिक्षकाने 'फुनिन्यो' म्हणून एक खेळ मांडला. तिघांविरुद्ध तिघे, छोटं मैदान, आणि दोनाच्या जागी चार छोटे गोल, प्रत्येक टोकाला दोन-दोन. जर्मन फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या मोसमापासून सगळ्यात लहान वयोगटांना याच धाटणीचे सामने सक्तीचे केले. तिथे यावरून बरीच आरडाओरड झाली, पोरं मऊ होतील वगैरे. मला मात्र ते नियम वाचताना कुणीतरी माझी वही चोरून वाचल्यासारखं वाटलं.

एका बाजूला दोन गोल असले की चेंडू पायाशी असलेल्याला मान वर करावीच लागते. एका गोलसमोर गर्दी दिसली की पोरगं आपसूक दुसरीकडे वळतं. 'मोकळी जागा बघ' हे मी दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होतो, ते दोन गोलांनी पंधरा मिनिटांत शिकवलं. गोल, त्याच्या समोरच्या ठरलेल्या पट्ट्यात शिरल्यावरच मारायचा, त्यामुळे लांबून आंधळा फटका मारून उपयोग नाही. प्रत्येक गोलनंतर दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू बदलतो, म्हणजे कुणी कायमचा बाहेर बसत नाही. एखादी टीम तीन गोलांनी मागे पडली तर तिला एक खेळाडू जास्तीचा मिळतो. मोठ्यांना हे अन्यायाचं वाटतं. मुलं गल्लीत खेळताना टीम पुन्हा वाटून घेतात तेव्हा हेच करत असतात.

शूटिंग शिकवायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. शिकवायचं, फक्त रांगेत उभं करून नाही. आमच्या त्या दोन रेघावालीचे फटके नेहमी हवेत जायचे. मी 'मागे झुकू नकोस' म्हणायचो, की ती पुढे वाकून मारायची आणि चेंडू तरीही वरच. एक दिवस गुडघे टेकून शेजारी बसलो आणि नुसते पाय बघितले. तिचा टेकवलेला पाय चेंडूच्या चांगला वीतभर मागे पडत होता. तिथून चेंडूपर्यंत पोचायचं तर शरीर मागे जाणारच. चेंडूच्या बाजूला एक चपटा मार्कर ठेवला आणि म्हटलं, 'डावा पाय याच्या शेजारी, अंगठा गोलकडे.' चौथा फटका जमिनीलगत गेला. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू आधीचे सगळे मीच चुकवले होते. तसं बघितलं तर खरंच.

चेंडूचंही तेच. पाच नंबरचा चेंडू म्हणजे ६८ ते ७० सेंटीमीटर घेर, मोठ्यांचा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा द्यायचा, त्याहून लहानांना तीन. आम्ही वर्षभर पाच नंबरचाच टणक फुगवून वापरत होतो. 'पुढे जाऊन त्यावरच खेळायचंय ना' या तर्काने मग बूटही मोठ्या मापाचे द्यायला हवे होते. मोठ्या गोलचंही असंच. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलमध्ये आठ वर्षांचा कीपर उभा केला की त्याच्या डोक्यावरून मारलेला प्रत्येक चेंडू आत जातो. मुलं तेवढंच शिकतात आणि कीपर रडतो.

आता मोटिव्हेशन. इथे मी सगळ्यात जास्त माती खाल्ली. दर गोलमागे एक स्टिकर जाहीर केला. दोन आठवड्यांत पास देणं जवळपास बंद झालं आणि गोललाइनवर दोघं 'शेवटचा टच माझा' म्हणून भांडायला लागले. तेव्हा मला १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग आठवला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं आधीच सांगितलं होतं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचा उत्साह टिकला. चित्रं म्हणजे फुटबॉल नव्हे, मान्य. पण माझे स्टिकर त्याच दिवशी कपाटात गेले.

आणि पालकहो, राग मानू नका, पण साइडलाइनवरचा आवाज. एकाच सेकंदाला एका पोराला 'मार!', 'पास दे!' आणि 'थांब थांब!' हे तिन्ही ऐकू आलेलं मी पाहिलंय. त्याने चेंडूवर पाय ठेवला आणि आईकडे बघितलं. तेवढ्यात चेंडू गेला. गेले दोन महिने आमच्याकडे फक्त टाळ्या चालतात. माझ्यावरही तोच नियम आहे आणि तो मीच सगळ्यात जास्त मोडतो.

एका बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'अशाने हरायची सवय नाही का लागणार?' नॉर्वेत मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत स्पर्धांचे निकाल-तक्ते लावतच नाहीत. मी तितका टोकाचा नाही. स्कोअर पोरांना तोंडपाठ असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. पण पॉइंट टेबल व्हॉट्सॲपवर फिरवतं कोण? आमच्यातल्या एकाही मुलाने मला टेबल विचारलेलं नाही.

हा मोसम संपला तेव्हा आम्ही जिंकलो त्यापेक्षा जास्त मॅच हरलोच. गोल मात्र सात वेगवेगळ्या मुलांच्या नावावर लागले. दोन रेघावालीच्या शेवटच्या मॅचच्या एका हाफमध्ये १९ रेघा आहेत. तिचा फटका पोलला लागून परत आला आणि दुसऱ्याने तो आत ढकलला. तो गोल अर्धा आपला आहे असं ती अजून सगळ्यांना सांगतेय, आणि वहीत मी तसंच लिहिलंय.

कुणाच्या घरी चार नंबरचे चेंडू पडून असतील तर कळवा. हवा गेली असली तरी चालेल, पंप आहे.