‘तिघांपैकी दोघांच्या हातावर काहीच उमटलं नाही’ : आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या जादूच्या संचाला दोन तारे देताना तुम्ही कारणंही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. लपवलेली चकती नकळत दाबून प्रेक्षकाच्या हातावर चिन्ह उमटवायचं, हा तो प्रयोग. लग्नाच्या लॉनवर रात्री तुम्ही तो तिघांवर केला. दोघांच्या हातावर काही दिसलं नाही. तिसऱ्या ताईंच्या हातावरचा चौकोन लाल होऊन फुगला, अर्धा तास तसाच राहिला आणि त्या घाबरल्या. शिवाय ‘एवढे पैसे नुसत्या उठावाच्या चकतीचे?’ असं विचारलंत आणि ॐ, त्रिशूळ अशा चकत्याही काढा असं सुचवलंत.

आधी आमची चूक. पत्रकात ‘10 सेकंद दाबा’ छापलं आहे. तो आकडा जुन्या चकतीचा, जिचा उठाव 1.5 मिलिमीटर होता आणि कडा धारदार. आताच्या चकतीचा उठाव 0.8 मिलिमीटर आहे, कडा गोलावलेल्या आहेत आणि तिला 25 ते 30 सेकंद लागतात. चकती बदलली, पत्रक तसंच राहिलं. तुमचा प्रयोग भर कार्यक्रमात फसला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

जोर वाढवून वेळ भरून निघत नाही. दाबाखाली कातडीतलं पाणी हळूहळू बाजूला सरतं, म्हणून खळगा पडतो. मोज्याच्या इलॅस्टिकचा वण संध्याकाळी दिसतो, तोच प्रकार. 10 सेकंद जोरात दाबलं तर फक्त दुखतं. तुमच्या अभिप्रायात दाबाची गोष्ट आलीच आहे, म्हणून इथे मोकळेपणाने लिहितो. चकती हातात कशी येते आणि कुठे जाते, ते मात्र लिहीत नाही. मनगटापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला, चारही बोटांनी सपाट पकड ठेवा आणि नाडीचे 30 ठोके मोठ्याने मोजा. मिनिटाला 72 ठोके धरले तर बरोबर 25 सेकंद होतात, आणि हात का धरला असं कुणाला वाटत नाही. मोजताना पकड सरकवू नका. हाताला क्रीम लावलेलं असेल तर चकती घसरून खूण फिसकटते, म्हणून आधी रुमालाने पुसून घ्या.

सोडल्या सोडल्या खूण पांढरट दिसते, कारण रक्त दाबाने बाजूला गेलेलं असतं. ते परतलं की लाली येते. म्हणून दहा-पंधरा सेकंद बाही खाली ओढून ठेवा. सावळ्या कातडीवर लाली फारशी दिसत नाही, थंडीत हात गार असेल तर ती येतही नाही. तिथे खळग्याची सावलीच दाखवायची असते. लॉनवरचे समोरून येणारे फ्लडलाइट ती सावली पुसून टाकतात. प्रेक्षकाच्याच मित्राला मोबाइलचा टॉर्च हाताला जवळजवळ टेकवून, आडवा धरायला सांगा. सपाट दिसणाऱ्या हातावर चौकोनाच्या चारही कडा एकदम उठून येतात. लग्नघरात मेंदीचा हात मात्र घेऊच नका, नक्षीत खूण हरवते.

त्या ताईंबद्दल. शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या कातडीवर नुसत्या ओरखड्यानेही वळ उठतात. याला डर्मॅटोग्राफिझम म्हणतात. वळ सहसा अर्ध्या तासात बसतो, पण तो उठलेला पाहून माणूस घाबरणारच. हात धरण्याआधी परवानगी घ्या आणि विचारा, ‘खाजवलं की वळ उठतात का? अंगावर पित्त उठतं का?’ हो म्हटलं तर दुसरा माणूस घ्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, पातळ कातडीचे वृद्ध, मधुमेहाने हात बधिर झालेले आणि लहान मुलं यांच्यावर हा प्रयोग करूच नये. पत्रकात हे बारीक अक्षरात मागच्या पानावर होतं. ते पहिल्या पानावर असायला हवं होतं.

किमतीबद्दल. पितळेची चकती स्वस्त पडते, पण घामाने हातावर काळपट-हिरवा डाग सोडते. तिला निकेलचा मुलामा दिला, तर नकली दागिन्यांनी खाज येणाऱ्यांना त्याचाही त्रास होतो. म्हणून स्टेनलेस स्टील. संच पाच चकत्यांचा आहे: वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा. ही मानसशास्त्रज्ञ कार्ल झेनर यांची 1930च्या दशकातली चिन्हं, जे. बी. ऱ्हाइन यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अतींद्रिय ज्ञान तपासण्याच्या प्रयोगांत वापरलेली. लाटा सोडल्या तर सगळी आरशातही तशीच दिसतात. लाटांची चकती म्हणूनच उलटी कोरलेली आहे.

ॐ आणि त्रिशूळ आम्ही काढणार नाही. अंगावर अशी खूण उमटली की समोरचा हात जोडतो, आणि तिथे मनोरंजन संपतं. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुरुस्त पत्रक आजच पाठवतो. ते वाचूनही संच नको वाटला तर परत पाठवा, पूर्ण पैसे आणि कुरिअरचा खर्च आम्ही देऊ. त्या ताईंचा वळ एव्हाना बसला असेल. तरीही खाज राहिली असेल किंवा पसरली असेल, तर त्यांनी डॉक्टरांना दाखवावं आणि आम्हालाही कळवावं.