गुड फ्रायडेला गोड कशाला वाजवायचं?

भक्तिसंगीत म्हटलं की आपल्याला गोडच हवं असतं. डोळे मिटावेत, मान डोलावी, मन शांत व्हावं आणि घरी जाऊन जेवावं. ही अपेक्षा देवळात आहे तशी चर्चमध्येही आहे, हे मला यंदा गुड फ्रायडेला मिरजेत नीटच दिसलं.

तिथल्या एका चर्चमध्ये विशीतली एक मुलगी पियानो वाजवते. आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती, आई शिक्षिका. मी सांगलीचा, नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करणारा, जन्मानं हिंदू. घरोबा जुना, म्हणून मला काका म्हणते. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. लहानपणी उपासनेतली मराठी गीतं पेटीवर वाजवायची, मग पियानोच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्या, आणि आता स्वतः रचना करते.

गुड फ्रायडेला ख्रिस्तानं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर तीन तास उपासना चालते. एकेका उद्गारावर प्रवचन, मध्ये गीत. चौथा उद्गार सगळ्यांत अवघड: देवा, तू मला का टाकलंस? यंदा त्याच्यानंतर गीताऐवजी हिची रचना होती. डाव्या हातानं तिनं खालच्या सप्तकातला सा धरला, त्याला चिकटून कोमल रे, आणि पायानं पेडल दाबून ठेवलं. ते दोन सूर एकमेकांना घासत राहिले. पेटीवर असं केलं तर नुसती कटकट वाटेल. पियानोच्या जाड तारांतून मात्र लाकडी बाकापर्यंत थरथर आली. वर उजव्या हातात ओवीसारखी एक चाल सुरू व्हायची आणि अर्ध्यात तुटायची. पुन्हा सुरू, पुन्हा तुटली. शेवटी ती सा वर आलीच नाही. हात उचलले आणि उठून बाकावर जाऊन बसली.

मागून एक काकू पुटपुटल्या, “चुकली वाटतं पोरगी.” बाहेर पडताना मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं, “हुशार आहेस बाळ, पण भक्तिभाव नाही आला.”

माझा वाद या वाक्याशी आहे. देवाशी भांडणं हा भक्तिभाव नाही, असं मराठी माणसानं तरी म्हणू नये. जनाबाईनं विठोबाला कारट्या म्हटलेलं आपल्याला चालतं. तुकोबांनी देवाला किती खडसावलंय, गाथा उघडून बघा. आणि याच तुकोबांचं बोट धरून कवी नारायण वामन टिळक ख्रिस्तापर्यंत गेले, अभंग चर्चमध्ये घेऊन गेले, १९१७ मध्ये आपल्या शेजारच्या साताऱ्यात त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. म्हणजे भांडणाचा वारसा या मंडळींच्या घरातही आहेच. शब्दांत भांडलेलं चालतं, मग सुरांत का नाही?

“ही पाश्चात्यांची थेरं” असंही कुणी म्हणालं. त्यावर फार बोलत नाही. मी आयुष्यभर वाजवतोय ती पायपेटीही मिशनऱ्यांबरोबरच इकडे आली, पुढे आपल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या नाटकात बसली आणि आता तिला कुणी परकी म्हणत नाही.

पण पाश्चात्यांचंच बोलायचं तर तेही बघू. ७ एप्रिल १७२४, गुड फ्रायडे, जर्मनीतलं लाइपझिग. त्या दिवशी संगीतकार बाखनं बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानावरची आपली मोठी रचना पहिल्यांदा सादर केली. तिची सुरुवात ऐका: ओबो, म्हणजे सनईच्या जातीची वाद्यं, एकमेकांना अगदी खेटलेल्या सुरांवर कण्हत राहतात. हाच बाख आपल्या चर्चच्या रचनांखाली ‘एस. डी. जी.’ लिहायचा, म्हणजे महिमा एकट्या देवाचा. आमच्या मुलीच्या वहीतही शेवटच्या रेघेखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत, ही तीन अक्षरं असतात.

तिचा खरा जीव मात्र मेसियांवर. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा कॅथलिक संगीतकार, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत सापडला. पियानो, व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट यांच्यासाठीची त्याची रचना १५ जानेवारी १९४१ ला, भर थंडीत, युद्धकैद्यांच्या छावणीत वाजली. तिच्या पहिल्याच भागात पियानोला कुठले ताल दिलेत? रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले देशी ताल! मला हे तिनंच सांगितलं. इतकी वर्षं संगीतात काढून मला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगा, काय पाश्चात्य आणि काय आपलं?

श्रद्धेनं तिला काय दिलं, तर माझ्या मते टाळ्यांची गरज संपवली. गुड फ्रायडेच्या उपासनेत टाळ्या वाजत नाहीत, हे ठाऊक असून तिनं त्या पाच मिनिटांसाठी अख्खा उपासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, घातला. हल्लीच्या रील्सच्या दिवसांत हे मला मोठं वाटतं. “शेवट कुठाय गं?” असं मी विचारलं तर म्हणाली, “शेवट रविवारी, काका.”

रविवारी, म्हणजे ख्रिस्त पुन्हा उठला त्या ईस्टरला, तिनं शेवट वाजवला. खरं सांगतो, मला तो नाही आवडला. फारच लवकर सगळं छान छान झालं, एखाद्या मालिकेच्या शेवटच्या भागासारखं. तसं बोललोही. ती हसली, “काका, तुम्ही हिंदू असून माझ्या ईस्टरला नाक मुरडता!” मुरडतो. शुक्रवार इतका खरा लिहिणाऱ्या पोरीकडून रविवारही तितकाच खरा हवा.

आता मंडळीत चर्चा अशी की जुना पियानो काढून तालाची बटणं असलेला कीबोर्ड घ्यावा. कृपा करून घेऊ नका. पियानोला सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, एकेका सुराला बहुतेक ठिकाणी तीन. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतो. उन्हाळ्यात आकसतं, सूर उतरतो. तिघींपैकी एक तार जरी सरकली तरी तो सूर भेसूर लागतो. गुड फ्रायडेला तिच्या पियानोचे मधल्या सप्तकातले दोन-तीन सूर असेच उतरलेले होते. त्या काकूंचा तरी काय दोष? मुद्दाम लावलेला कडू सूर कळायला बाकीचे सूर खरे असावे लागतात. पुण्याहून ट्यूनर बोलवायचा खर्च कीबोर्डच्या किमतीपुढे काहीच नाही. माझा वाटा पाळकसाहेबांकडे देऊन आलोय. मिरज-सांगलीतल्या ज्यांना द्यायचा असेल त्यांनी मला मेसेज करा, पावसाळ्यानंतर लाकूड सुकलं की काम करून घेऊ.