‘तीन पेलेट ठासा आणि निघा’: ठासणीच्या बंदुकीबद्दलचा एक फसवा सल्ला

हरणांचा सीझन तोंडावर आला की अमेरिकेत एक सल्ला हातोहात फिरू लागतो. थोडक्यात तो असा: “वर्षातून दोन-तीन दिवसच जायचं तर डोकं कशाला खाजवायचं? .50 कॅलिबरची कुठलीही इनलाइन मझललोडर घ्या, कागदपत्रं लागत नाहीत. तीन पेलेट, म्हणजे 150 ग्रेन, ठासा. वर मोठ्यात मोठा स्कोप चढवा, 50 यार्डावर नेम जुळवा. 200 यार्डापर्यंत हरीण पडलंच समजा. साफसफाई सीझन संपल्यावर.”

मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक; इनलाइन म्हणजे जिच्यात ठिणगी नळीच्या सरळ रेषेत मागून मिळते ती. पेलेट म्हणजे दाबून केलेली दारूची तयार वडी. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची, गजाने तळाशी बसवायची, आणि मिळतो तो एकच बार. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे. पुढचं सगळं फक्त अमेरिकेपुरतं.) या सल्ल्यातला .50 चा आकडा तेवढा बरोबर आहे. बाकीचं एकेक करून बघू.

“कागदपत्रं लागत नाहीत”

फेडरल कायदा ठासणीच्या बहुतेक बंदुकांना ‘अँटीक’ मानतो, म्हणजे नेहमीची बंदूक धरत नाही, हे खरं. पण राज्यांनी तसंच मानावं असं बंधन नाही. न्यू जर्सीत, म्हणजे जिथे मराठी घरं भरपूर आहेत तिथेच, ही बंदूक घ्यायला फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं आणि तिने शिकार करायला वेगळं रायफल परमिट. शिवाय फेडरल सवलतीलाही फट आहे: ज्या सांगाड्यावर नळी बदलून काडतुसाची रायफल होते (थॉम्पसन सेंटरची एन्कोर हे ठळक उदाहरण), ती ठासणीची नळी लावलेली असली तरी साधी बंदूकच धरली जाते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हा फरक जिव्हारी लागेल. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे, आणि वैध शिकार-परवाना हा तिच्या मोजक्या अपवादांपैकी एक.

“कुठलीही इनलाइन”

आधी नियमांचं पुस्तक, मग दुकान. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या मादी-हरणांच्या मझललोडर सीझनला इनलाइन आणि स्कोप चालतो, पण नाताळानंतरच्या सीझनला फक्त चकमकीची बंदूक. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनला तर स्कोप, पेलेट आणि सॅबट (गोळीभोवतीची प्लास्टिकची वाटी) तिन्हींना बंदी आहे. म्हणजे व्हायरल सल्ल्यातली जवळजवळ सगळी खरेदी तिथे घरीच ठेवावी लागेल.

नियम बसत असतील तर नळीच्या आतला पीळ बघा. सॅबट आणि लांब गोळ्यांना 28 इंचांत एक फेरा (1:28) लागतो. कापडात गुंडाळलेल्या गोल शिशाच्या गोळीला 1:60 ते 1:66 असा संथ पीळ मानवतो. जुनी साइडलॉक (बाजूला घोडा असलेली बंदूक) स्वस्तात मिळाली म्हणून तिच्यात सॅबट ठासले, तर लक्ष्यावर गोळ्या पसरतात आणि बिचारा स्कोप बदनाम होतो.

अधूनमधून जाणाऱ्याला मधोमध मोडणारी, 209 प्राइमरवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर) चालणारी साधी बंदूक पुरे. दुकानात दोनच गोष्टी करून बघा: ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारं बूच) हाताने फिरवून निघतो का, आणि हातमोजे घालून प्राइमर काढता-घालता येतो का. नोव्हेंबरच्या पहाटे बोटं गारठलेली असताना या दोन गोष्टी बंदुकीच्या नावापेक्षा जास्त मोलाच्या ठरतात.

“तीन पेलेट ठासा”

या सल्ल्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग हाच. दारू वाढवली की वेग वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही. 24-26 इंची नळीत तिसऱ्या पेलेटचा बराचसा मोबदला धक्का, धूर आणि आवाज यांतच मिळतो. जादा दाबाने सॅबटच्या पाकळ्या फाटतात आणि गोळी सरळ सुटत नाही. मऊ शिशाची गोळी त्या वेगाने जवळच्या हरणाच्या खांद्यावर बसली तर आत शिरण्याआधीच फुटते. आणि खांद्याला असा दणका बसत असेल तर सराव कोणी करत नाही. तीन बार काढून माणूस बंदूक म्यान करतो.

सुरुवात 250 ग्रेनची सॅबट गोळी आणि मापाने 80 ते 100 ग्रेन दारू इथून करा. लूज पावडर असेल तर 80 पासून 5-5 ग्रेनने चढत जा आणि जिथे तीन गोळ्या सर्वांत जवळ पडतील तिथे थांबा. पेलेटमध्ये ही मुभा नाही, अख्ख्या पेलेटच्या टप्प्यांनीच जावं लागतं. बंदुकीच्या पुस्तकातली कमाल मर्यादा आणि दारूच्या डब्यावरची, यांपैकी कमी असेल ती खरी.

दारूचे ‘ग्रेन’ हे आकारमानाचं माप आहे, वजन नव्हे (गोळीचे 250 ग्रेन मात्र वजनच). ब्लॅकहॉर्न 209 (काळ्या दारूचा एक पर्याय) मापाने 100 ग्रेन घेतली तर वजनात सुमारे 70 भरते. वजनकाट्यावर 100 तोललेत तर मर्यादेच्या बाहेर गेलात. आणि काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही नको, नळी फुटते. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका. आत ठिणगी धुमसत असेल तर अख्खा डबा हातात पेटेल. आधी मापात, मग नळीत.

“मोठ्यात मोठा स्कोप”

पूर्वेकडच्या जंगलात हरीण बहुधा 30 ते 80 यार्डांवर, झाडीच्या फटीत दिसतं. तिथे किमान 4x किंवा 6x पासून सुरू होणाऱ्या स्कोपमधून नुसती तपकिरी केसं दिसतात, खांदा कुठला आणि मांडी कुठली कळत नाही. 2-7x32 (दोन ते सात पट मोठं दाखवणारा, 32 मिमी भिंगाचा) उत्तम, 3-9x40 चालेल, पण खालच्या टोकाला ठेवून फिरा. 50 मिमी भिंगाला उंच रिंगा लागतात, त्यामुळे गाल दस्त्यावरून सुटतो आणि नेम दर वेळी वेगळा लागतो. संधिप्रकाशाचं म्हणाल तर भिंगाचा व्यास भागिले पॉवर हा हिशेब करा: 32 मिमी भिंग 4x वर 8 मिमीचा प्रकाशझोत देतं, तर 50 मिमी भिंग 12x वर जेमतेम 4.2.

डोळा आणि स्कोप यांत किमान साडेतीन इंच, जमलं तर चार. त्याहून कमी असेल तर भुवईवर अर्धचंद्राची खूण ठरलेली. खारीच्या शिकारीच्या .22 साठीचा स्कोप काढून इथे लावू नका, तो धक्क्याला टिकत नाही. बेसचे (बंदुकीवरच्या स्कोपच्या बैठकीचे) स्क्रू बसवण्याआधी तेल पुसून घ्या आणि निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. ‘स्कोप बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा सैल बेसच सापडतो.

“50 यार्डावर जुळवा, 200 पर्यंत पडतंच”

250 ग्रेनची गोळी, 100 ग्रेन दारू, वेग सेकंदाला साधारण 1750 फूट. 50 यार्डावर जुळवलेली ही बंदूक 100 ला सुमारे 2 इंच आणि 200 ला सुमारे 19 इंच खाली मारते. हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून नेमाची जागा जेमतेम 8 इंचांची. म्हणजे खांद्यावर धरलेला नेम 200 यार्डांवर एक तर पोटाखालून जातो किंवा पाय मोडतो. त्यात ताशी 10 मैलांचा आडवा वारा 100 यार्डांवर 3 इंच सरकवतो, 200 वर 11.

100 यार्डांवर 2 इंच वर जुळवा. मग 150 ला गोळी साधारण 2 इंचच खाली येते, आणि 150 पर्यंत नेम थेट छातीवर धरता येतो. तिथेच थांबा. स्कोपमधल्या अंतराच्या खुणांवर भिस्त ठेवू नका, त्या कुठल्यातरी एका ठरावीक गोळी-दारूच्या हिशेबाने काढलेल्या असतात. सराव करताना दर बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवा आणि नळी निवू द्या. जंगलातला पहिला बार थंड नळीतूनच जाणार आहे.

सल्ल्यात नसलेली गोष्ट: गजावरच्या दोन खुणा

रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी टेपची खूण करा. मग तुमचा ठरलेला बार भरून दुसरी; ती गजाच्या आतल्या टोकाच्या जास्त जवळ येते. पहिली खूण नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, दुसरी आली तर भरलेली. दुसरी खूणही तोंडाच्या बाहेर राहिली तर एक तर गोळी दारूवर टेकलेली नाही, किंवा गडबडीत दोनदा भरलंय. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटूही शकते. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा. तो उशिराही उडतो.

“साफसफाई सीझन संपल्यावर”

काळी दारू आणि पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे तिचे पर्याय यांचा काजळीचा थर हवेतलं पाणी ओढतो. रात्रीत गंज धरतो. त्याच संध्याकाळी ब्रीच प्लग काढा, गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून नळी धुवा, कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत फिरवा, मग पातळ तेल. प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावलं नाही तर पुढच्या वर्षी पाना लावूनही तो निघणार नाही. ब्लॅकहॉर्नला मात्र पाणी चालत नाही, तिथे नेहमीचं बंदुकीचं सॉल्व्हंट.

पुढच्या शिकारीआधी ते तेल काढायचं विसरू नका. दारू भरण्याआधी गजाच्या टोकाला कोरडी चिंधी लावून तळाशी टेकवा आणि नळी मोकळ्या जमिनीकडे धरून नुसता प्राइमर उडवा. चिंधीवर जळका डाग पडला तर वाट मोकळी आहे. डाग नसेल तर प्लगमधलं बारीक छिद्र तेलाने किंवा काजळीने बुजलंय.