सारंगखेड्याहून आणलेल्या घोडीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आर्वीकडे आणायला आम्ही दोन दिवस लावले, आणल्यावर हिरव्या कुरणात न सोडता आठवडाभर आवारात कोंडून सुकं कुटार घातलं आणि वर त्याचे पैसे घेतले. यंदा घोडं घेणारे आणखीही लोक हे वाचतील, म्हणून उत्तर इथेच देतो.

१९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोडे नेणाऱ्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. धुळे-जळगाव-अकोला करत एवढं अंतर त्या वेगाने एका दिवसात होत नाही, आणि आम्ही ओढूनताणून करतही नाही. ट्रेलरमध्ये घोडं उभ्याउभ्या दर ब्रेकला, दर वळणाला तोल सावरत असतं. तासन्‌तास तोंड वर बांधून नेलं तर श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही, छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून तीन-चार तासांनी थांबायचं, मान मोकळी सोडायची, पाणी दाखवायचं. धुळ्याच्या पुढे तुमच्या घोडीने बादलीला तोंडच लावलं नाही. बाजारातलं पाणी आम्ही कॅनमध्ये भरून आणतो, ते मिसळलं तेव्हा कुठे प्यायली. तोवर गाडी हलवली नाही.

आता कुरणाचं. बाजारात ती कडबा आणि चण्यावर होती. घोड्याचा चारा मोठ्या आतड्यातले जिवाणू पचवतात आणि चारा बदलला की त्यांना जुळवून घ्यायला आठ-दहा दिवस लागतात. एकदम ओली बरसीम (हिरवा घासचारा) पोटभर खाल्ली तर गॅस धरतो, पोटात शूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर पडायला ती वाटच नाही. बैल रवंथ करतो, त्याचा हिशोब घोड्याला लावू नका. याच शूळाने धडधाकट जनावर एका रात्रीत जातं, म्हणून या बाबतीत आम्ही कोणाचंच ऐकत नाही.

दुसरं, बाजारात ठिकठिकाणचे घोडे एकत्र येतात. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो. तपासणीचा कागद असला तरी ताप, नाक आणि जबड्याखालच्या गाठी रोज बघूनच आम्ही तिला बाकीच्या घोड्यांत सोडतो.

शिवाय आमच्या धुऱ्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी तार आहे. नवं घोडं बिथरलं की सरळ तारेवर जातं. रोज सकाळी मोतद्दार (घोडी सांभाळणारा माणूस) तिला मोहरकी (तोंडाची दोरी) धरून धुऱ्याधुऱ्याने फिरवतो. पहिल्यांदा मशीनची टिकटिक ऐकून कान टवकारून जागीच थांबली होती, आता तारेपासून स्वतःच चार पावलं लांब राहते. नाल्याकाठची विषारी बेशरम आणि एरंडी आम्ही आधीच उपटून टाकली होती.

फोटोत ती बारीक दिसते हे खरं. एवढ्या प्रवासात घोडं वजनाने उतरतंच. खाणंपिणं सुरळीत आहे, लीद बांधून पडते, भरून येईल.

पैसे मोतद्दाराचे आणि चाऱ्याचे आहेत. दर ठरवतानाच व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो कमी होणार नाही.

बरसीम आता मूठमूठ सुरू केली आहे. रविवारी सकाळी या, तिला कुरणात सोडतोय. येताना गूळ-पेंड काही आणू नका, अजून तिला द्यायचं नाही.