चंद्रीच्या खुरावरचा नंबर

आज सकाळी आमच्या ग्रुपवर एक जुना काळा-पांढरा फोटो आला. पहिल्या महायुद्धातला, पश्चिम आफ्रिकेतल्या तोफखान्याचा. गवतातून माणसांची रांग चाललीय. एकाच्या डोक्यावर तोफेचं चाक, दुसऱ्याच्या डोक्यावर गोळ्यांची पेटी, मधे चार-पाच जण मिळून नळी घेऊन निघालेत. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "तोफखाना की हमालखाना?" आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची ही लाइन. ग्रुप कुणाचा, तर फौजींच्या मुलांचा. म्हणून जास्त लागलं.

माझे बाबा पहाडी तोफखान्यात होते. तोफ सुटी करून खेचरांवर लादायची, डोंगर चढायचा, वर जाऊन पुन्हा जोडायची, हे त्यांचं आयुष्य. त्यांच्याकडे चंद्री नावाचं खेचर होतं. एकदा सरावाच्या वेळी निसरड्या वाटेवर तिचा पाय गेला आणि ती पाठीवरच्या ओझ्यासकट दरीत कोसळली. बाबा सांगायचे, साहेबांनी खाली उतरून तिच्या खुरावरचा नंबर बघायला लावला. नंबर रजिस्टरला चढला, कसं झालं ते लिहिलं गेलं, खाली सह्या झाल्या. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

आता फोटोतल्या माणसांबद्दल. त्या भागात खेचर टिकत नाही, घोडा टिकत नाही. त्सेत्से माशी चावते आणि जनावर महिन्या-दोन महिन्यांत खंगून मरतं. म्हणून २.९५ इंची पहाडी तोफ, जी इतरत्र चार खेचरांच्या पाठीवर जाते, ती तिथे माणसांच्या डोक्यावर गेली. एकट्या नळीचंच वजन शंभर किलोच्या वर. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना. तिथल्या रेजिमेंटच्या तोफा अशाच जर्मनांशी लढायला १९१४ मध्ये शेजारच्या टोगोलँडला गेल्या, मग कॅमेरूनला, आणि १९१६ मध्ये जहाजातून पार पूर्व आफ्रिकेत. नायजेरियाच्या तोफा त्यांच्यामागून. ऑक्टोबर १९१७ मध्ये तिथल्याच, आजच्या टांझानियातल्या माहिव्याला चार दिवस जी कापाकापी झाली, त्यात नायजेरियन ब्रिगेड होती. ही माणसं नसती तर तोफ गोदामातच राहिली असती. हमाल म्हणे!

माझी आई गावी दोन घागरी घेऊन ओढ्यावरून चढ चढायची. डोक्यावर चुंबळ, मान ताठ. सुट्टीवर आलेल्या बाबांनी एकदा हौसेने तिच्या घागरी घेतल्या आणि अर्ध्या वाटेत उतरवल्या. मान चोळत म्हणाले, "खेचराला निदान दोन्ही बाजूंना वजन सारखं असतं गं." डोक्यावरचं ओझं काय असतं, हे ज्यांनी कधी उचललं नाही तेच हसतात.

बरं, ही फक्त पहिल्या युद्धाची गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात याच पश्चिम आफ्रिकेतली पोरं ब्रह्मदेशात लढायला आपल्या देशातून गेली, कित्येक जण आपल्या मुंबई बंदरात उतरून. ८१ वी वेस्ट आफ्रिकन डिव्हिजन. खांद्यावर कोळ्याचं चिन्ह. अनान्से, त्यांच्या गोष्टींमधला हुशार कोळी. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या पश्चिमेला, आराकानात, कलादान नदीच्या खोऱ्यात महिनोन् महिने रसद फक्त विमानातून पडायची, आणि पडलेलं सगळं डोक्यावर. जानेवारी १९४५ मध्ये तिथलं म्योहाँग शहर घेतलं ते यांनीच. आराकान म्हटलं की आपण आपल्या पलटणींची नावं घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्याच जंगलात पलीकडच्या खोऱ्यात कोण होतं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

मान्य, सगळेच काही बळजबरीने नेलेले नव्हते, पगारासाठी गेलेलेही होते. आपलेही गेलेच की. मान्य, जर्मनांनीही आफ्रिकन माणसांच्या डोक्यावरच युद्ध केलं.

पण मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत इंग्रजांकडचे नव्वद हजारांहून जास्त ओझी वाहणारे मेले, बहुतेक आजाराने आणि उपासमारीने. त्यांच्या कबरींचा विषय निघाला तेव्हा, १९२३ मध्ये, गोल्ड कोस्टचा गव्हर्नर गग्गिसबर्ग बैठकीत म्हणाला की इथल्या सामान्य नेटिव्हाला थडग्यावरचा दगड कळणारही नाही आणि त्याचं मोलही वाटणार नाही. याच माणसाने गोल्ड कोस्टच्या राजधानीत, अक्रात, मोठं हॉस्पिटल बांधलं, अचिमोटाचं कॉलेज उभं केलं, हेही खरं. पण बाबा रे, ज्या आईचा मुलगा गेला तिला विचारलंस का? २०२१ मध्ये युद्धकबरींच्या आयोगाने चौकशी केली आणि माफी मागितली. निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली, ज्यांचं नाव कुठेच कोरलं नाही. शंभर वर्षांनी.

आणि जे जिवंत परतले? २८ फेब्रुवारी १९४८ ला अक्रात माजी सैनिक अर्ज घेऊन गव्हर्नरच्या किल्ल्याकडे शांतपणे निघाले होते. पोलिसांनी गोळी घातली. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो, प्रायव्हेट ओडार्टी लँप्टी. या तिघांची नावं तरी आहेत, म्हणून मुद्दाम लिहितेय.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. फोटो टाकणारा मुलगा वाईट नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याचे वडील आणि माझे बाबा एकाच बॅटरीतले, म्हणजे तोफखान्याच्या एकाच तुकडीतले. चंद्री पडली तेव्हा दोराने दरीत उतरलेले तेच होते. खुरावरचा चिखल पुसून नंबर त्यांनी मोठ्याने वाचला आणि बाबांनी वरून लिहून घेतला. बाबांना तो शेवटपर्यंत पाठ होता. दवाखान्यात माणसं ओळखेनाशी झाली होती, तेव्हाही एकदा तो सगळा नंबर म्हणाले.

दादा, तू काकांना फोन कर. त्यांना विचार, एवढा चिखलात उतरून तो नंबर का वाचला होता. आणि मग त्या फोटोखालचं तुझं तू बघ.