प्रतिक्रियेला उत्तर: लूपवर सिग्नल पडतो, तरी स्टेशन का ऐकू येतं?

नमस्कार भाऊ,

हॅम (हौशी) रेडिओवर ऐकण्यासाठी वेगळा लूप अँटेना लावा, या माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, गच्चीवरच्या डायपोलने (आडव्या तारेच्या अँटेनाने) ८० मीटरच्या बँडवर डीएक्स (दूरदेशीचा संपर्क) होतच नाही, हे माझं वाक्य चुकीचं आहे. दोन, एक मीटरच्या लूपवर (गोल अँटेनावर) सिग्नल २०-३० डेसिबलने पडतो, म्हणून ऐकण्यासाठी वेगळा लूप लावणं म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यापेक्षा लिनिअर (ट्रान्समीटरची शक्ती वाढवणारा अँप्लिफायर) लावावा. तीन, नागपुरात घरोघरी सोलर बसल्यामुळे, त्याच्या इन्व्हर्टरच्या गोंगाटात, खालच्या (कमी फ्रिक्वेन्सीच्या) बँडचा नाद आता सोडलेला बरा.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य, ते वाक्य दुरुस्त केलं आहे. होतं, पण महागात पडतं. ३.६ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी ८३ मीटर, म्हणजे १० मीटर उंचीवरचा डायपोल जेमतेम ०.१२ तरंगलांबीवर आला. त्याची बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर जाते. जमीन आदर्श धरली, तरी २० अंशांच्या कोनात तो डोक्यावरच्यापेक्षा साडेआठ डेसिबल कमी देतो. १०० वॅटचे तिकडे १४ वॅट उरले असं समजा. जबलपूर-पुण्याशी गप्पांना हाच अँटेना उत्तम, युरोपला मात्र तो झगडतो.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र सहमत नाही. सिग्नल पडतो हे खरं, पण गोंगाटही पडतो, आणि स्टेशन ऐकू येणं या दोघांतल्या फरकावर ठरतं. समजा रिसीव्हरच्या एस-मीटरवर डायपोलचा गोंगाट एस-८ आणि हवं ते स्टेशन एस-७. काहीच कळणार नाही. लूप फिरवून गोंगाट जास्त दाबता येतो. लूपवर गोंगाट एस-२ आणि स्टेशन एस-३ झालं, तर तेच स्टेशन सीडब्ल्यूवर (मोर्समध्ये) आरामात लिहून घेता येतं. मीटरचा काटा खाली आला म्हणून नाराज होण्याचं कारण नाही. लिनिअरने १०० चे ४०० वॅट केले, तर समोरच्याला ६ डेसिबल, म्हणजे एक एस-पॉइंट जास्त मिळतो. तुमच्या कानाला त्यातलं शून्य. तो उत्तर देतोय आणि आपण पुन्हा सीक्यू (कोणी आहे का, ही हाक) मारतोय, ही खालच्या बँडवरची सगळ्यात वाईट अवस्था.

लूपचा सिग्नल पुरेसा आहे की नाही, हे वाद न घालता तपासता येतं. रिसीव्हरला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावा, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट ऐका, मग त्या जागी लूप जोडून ट्यून करा. गोंगाट ठळक वाढला (१० डेसिबल असेल तर उत्तम), की रिसीव्हरला आणखी काही नको. वाढला नाही, तरच प्रीअँप चालू करा.

लूपचं साहित्य साधं आहे. एसीवाल्याकडे मिळणारा अर्धा इंची तांब्याचा पाइप, ३.१४ मीटर, त्याचा एक मीटर व्यासाचा गोल. याचं इंडक्टन्स सुमारे २.८ मायक्रोहेन्री येतं. वरच्या टोकाला फट ठेवून तिथे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ५००+५०० पिकोफॅरडचा गँग (फिरवायचा कंडेन्सर), दोन्ही भाग समांतर जोडून. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण १८० पिकोफॅरड लागतात, ३.६ ला ७००. १.८३ साठी एकूण २७०० लागतात, म्हणून तिथे २२०० चा मायका किंवा पॉलिस्टायरीन कंडेन्सर समांतर द्या. साधा डिस्क सिरॅमिक तापमानाबरोबर सरकतो आणि मेच्या उन्हात ट्यूनिंग जागेवर राहत नाही. खालच्या बाजूला, आत, २० सेंटिमीटर व्यासाचा छोटा लूप आणि त्याला कोॲक्स (बाहेरून जाळी असलेली केबल). बस्स.

इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर होतं, चूक होते ती कोॲक्सपाशी. कोॲक्सची बाहेरची जाळीच घरातला गोंगाट पकडून लूपपर्यंत नेते, आणि मग लूप कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. लूपजवळ हा गोंगाट अडवणारा चोक हवाच: ३१ नंबर मिश्रणाची, ६१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची फेराइट रिंग आणि तिच्यावर पातळ कोॲक्सचे १२ ते १४ वेढे. ४३ नंबरची रिंग १.८ वर त्यामानाने कमी पडते. तपासायचं असेल तर दिवसा शहरातल्याच एखाद्या हॅमला ८० मीटरवर कॅरिअर (नुसता अखंड सिग्नल) द्यायला सांगा आणि लूप फिरवा. लूपची सपाट बाजू त्याच्याकडे आली की सिग्नल धाडकन २० डेसिबल किंवा जास्त पडला पाहिजे. पाच-सहाच पडला, तर कोॲक्स ऐकतोय, लूप नाही. सिग्नल पडतो ती हीच खोल जागा नंतर शेजारच्या गोंगाटावर रोखायची. आकाशातून उंच कोनात येणारा सिग्नल तिच्यात सापडत नाही. लूप डायपोलपासून आणि घराच्या वायरिंगपासून जमेल तितका दूर ठेवा, आणि ट्रान्समिटच्या वेळी त्याचा कोॲक्स रिलेने तोडा, नाहीतर रिसीव्हरचं पुढचं टोक जाईल.

आता सोलर. साध्या, बॅटरी नसलेल्या इन्व्हर्टरचा गोंगाट सूर्यासोबत मावळतो, आणि आपला डीएक्स रात्रीचा. त्रास फक्त सकाळी उजाडल्यावरच्या काही मिनिटांत. रात्री नऊला एस-९ असेल, तर दोषी दुसराच आहे. एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर, आणि उन्हाळ्यात कूलर-पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. गोल फिरवायच्या ट्रायॅकच्या रेग्युलेटरची सेकंदाला १०० ठोक्यांची गुरगुर ओळखू येते. टकटक करत पायरीने फिरणारा कंडेन्सरचा रेग्युलेटर शांत असतो. शेजारच्यांना तो स्वखर्चाने बदलून दिला तरी लिनिअरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. शोध घरापासून सुरू करा: रिग (रेडिओ संच) बॅटरीवर, मेन स्विच बंद, मग एकेक एमसीबी चालू करत मीटर बघा. सगळं बंद करूनही खरखर तशीच राहिली आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर गायब झाली, तर ती बाहेरच्या लाइनवरच्या इन्सुलेटरची किंवा सैल जोडाची. खांबाचा नंबर टिपून तक्रार द्या. खांबाला हात लावू नका.

एप्रिल ते जून विजांच्या कडकडाटापुढे कुठलाच लूप फारसा चालत नाही, हे मान्य. पण डिसेंबर घ्या. नागपूरचा सूर्यास्त ५:३७ च्या आसपास, आणि जवळपास त्याच मिनिटांत न्यूयॉर्कला सूर्योदय. इथला सूर्योदय ६:४७ च्या सुमारास; तेव्हा युरोपात अजून रात्र आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नुकता अंधार पडलेला. दूरचं ऐकू येण्याच्या या दोन खिडक्या अर्ध्या-पाऊण तासाच्याच असतात, पण रोज उघडतात.

तुमच्याकडची मापं कळवा: डमी लोडवर आणि डायपोलवर ३.६ चा गोंगाट किती, रात्री नऊला आणि पहाटे सहाला. ती आली की तुमच्या गच्चीवर लूप कुठे बसवायचा ते नेमकं सांगता येईल.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)