मिरच्यांचा ठसका

तान्हं बाळ रडलं तर भूक लागली असेल, झोप आली असेल, दुपटं ओलं असेल, फार तर पोटात वारा धरला असेल. आमच्या घरात ही सगळी कारणं नंतर बघतात. आधी दृष्ट.

बाळ-बाळंतीण साताऱ्याहून सांगलीला आली, तेव्हा सोबत सासूबाईही आल्या. चार दिवसांसाठी. दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. इथवर दोन्ही जिल्ह्यांचं एकमत होतं. फाटलं ते तिटेवरून. आईच्या मते तीट गालावर, सासूबाईंच्या मते कपाळाच्या कडेला. "आमच्याकडे असंच लावतात हं विहीणबाई," असं दोघी एकमेकींना साखर पेरत म्हणाल्या आणि दोघींनीही लावून टाकली. तळपायाला आणखी एक, राखीव.

डोळ्यांत काजळ घालू नका, त्यात शिसं असू शकतं, आणि वर्षाचं होईपर्यंत मध चाटवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते घरात वाचून दाखवलं. "तुला मध चाटवूनच मोठा केलाय," आई म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मधाची बाटली गुपचूप फडताळात ठेवली. शास्त्राचा हा एवढाच विजय.

बाकी हुकमांचा शिपाई मीच. रिकामा पाळणा हलवायचा नाही, बाळाचं पोट दुखतं. पंख्याच्या वाऱ्याने तो आपोआप हलायचा, म्हणून पंखा बंद. घामाघूम झालेलं बाळ मग रडायचं, की परत दृष्ट. बाळाला ओलांडायचं नाही, उंची खुंटते. दिवेलागणीनंतर दुपटी दोरीवर दिसता कामा नयेत. कचेरीतल्या मीटिंगमध्ये माझा फोन वाजतो, "येताना भाजी आणा" सांगायला नव्हे, "दुपटी आत घ्यायला सहाच्या आत येताय ना" हे विचारायला.

दृष्ट काढण्याचा विधी मात्र बघण्यासारखा. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारची, पापी चांडाळाची" म्हणत बाळावरून उतरवायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं. निखारे आता कुठले, म्हणून गॅसवर जुना तवा. ठसका लागला नाही तर दृष्ट होती आणि ती निघाली. ठसका लागला तर मिरच्या चांगल्या होत्या, पण काढून ठेवलेली बरी. हरायची सोयच नाही! आमच्याकडे शेजारच्या काकांपर्यंत सगळे खोकतात.

सासूबाई डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावच्या, हे मी एकदा जपून सुचवलं. "त्यांचं सगळं बरोबर होतं हो, जावईबापू," त्या मोहरी मोजत म्हणाल्या, "पण ही अंधश्रद्धा नाही, ही दृष्ट आहे." 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो नरबळी आणि अघोरी प्रकारांसाठी, चिमूटभर मोहरीपुढे तोही माझ्यासारखाच हात जोडून उभा.

मग दृष्ट लावतं कोण, याची चौकशी निघाली. "गुटगुटीत आहे हो" म्हणणाऱ्या काकू. वजनाचा आकडा मोठ्याने वाचणारी नर्स. व्हिडिओ कॉलवरची पुण्याची आत्या. तिची दृष्ट तर फोनवरूनच उतरवली आणि मिठाचे खडे चार्जिंगच्या भोकात गेले. माझ्या मोबाइलवर बाळाचा फोटो आहे, त्याच्याही गालावर काजळाचं बोट. पुसायची परवानगी नाही.

रडणं काही थांबेना. अखेर एका रात्री दोघी विहिणी चहा घेत बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा एकच निकाल लागला. परक्यांची दृष्ट एकवेळ निघते, सगळ्यात वाईट लागते ती घरच्यांची. त्यातून बापाची. कचेरीतून आल्या आल्या टक लावून बघत बसतो, हे दोघींनी पाहिलं होतं.

आता मी पाळण्याशी वाकलो, की बायको स्वयंपाकघरातूनच ओरडते, "अहो, डोळे भरून नका बघू, मिरच्या संपल्यात!"